भांड्यांच्या बुडाखालची शाळा

लेकीला शाळेतून काढल्याची गोष्ट मी वर्षभर ज्याला त्याला सांगत होते. सांगून सांगून ती चांगली घोटीव झाली होती. लेक दुसरीत असताना तिच्या बाईंच्या लक्षात आलं की पोरगी वाचत नाही, पाठ म्हणून दाखवते. चित्र पाहायचं, धडा ओळखायचा आणि धडाधड म्हणून मोकळं व्हायचं. एक दिवस बाईंनी चित्रावर हात ठेवला. झालं! पोरगी गप्प. बाईंनी तिला उचलून पहिलीच्या वर्गात नेलं आणि तिच्यापेक्षा वीतभर बुटक्या पोरांत बसवलं. मी त्याच शाळेत चौथीला शिकवत होते. मला कळलं, माझं डोकं सटकलं, दिवाळीच्या सुट्टीआधी मी राजीनामा मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटला आणि लेकीला हाताला धरून घरी आणलं. म्हटलं, आता मीच शिकवते.

ऐकणारे "वा!" म्हणायचे. त्या "वा"साठी मी राजीनामा दर वेळी थोडा आणखी जोरात आपटायची. पहिल्यांदा सांगितला तेव्हा तो मी नुसता ठेवला होता.

या गोष्टीतला एक तुकडा मात्र मी गाळत असे. तो पुढे येईल. माझ्या मर्जीने आलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं घर वर्ध्याला लागून, सिंदी मेघेत. समोरच्या खोलीत नवऱ्याचं मोटार वायंडिंगचं दुकान, म्हणजे शेतकऱ्यांचे जळालेले पंप यायचे आणि तांब्याची तार नव्याने गुंडाळून परत जायचे. मागे आम्ही तिघं आणि सासूबाई. आणि आमच्यावर देखरेख करायला वडनेरला माझी नणंद. ती तिकडे एका शाळेची मुख्याध्यापिका. नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, त्यामुळे तिच्यापुढे तो अजूनही चौथीतच आहे.

पोरीला घरी आणल्याचं कळल्यावर ती आठवड्याच्या आत हजर झाली. चहाही घेतला नाही.

"पोरगी काय बकरी आहे काय वं, घरी बांधून ठेवाले?"

मी म्हटलं, "ताई, मी शिकवणार आहे तिला. वेगळ्या पद्धतीनं."

"तुह्या पद्धतीनंच दुसरीपर्यंत गेली नं ती न वाचता?"

नणंद खुर्चीत नीट बसली आणि निकाल लावला. "एक वरीस देतो तुले. पुढच्या हिवाळ्यात वावरात रोडगे होतीन, तवा सगळ्याईसमोर ती एक पान वाचून दाखवन. वाचलं तं तुही घरची शाळा चालू दे. नाई वाचलं तं जूनपासून माह्या शाळेत, राहीन बी माह्याजवळच."

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं. मग "हो ताई," म्हणाला.

लेक दाराआड उभी होती. संध्याकाळी तिने मला विचारलं, "आत्याकडे मी एकटीच राहीन का?"

"तुला जायचंच नाही तिकडे."

"मंग मले वाचता नाई आलं तं?"

मला भीती वाटत होती ती हीच. शाळेतल्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत ही पोरगी बोलायचीच बंद झाली होती. डबा भरलेला परत यायचा, हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी त्याला नखरे म्हणायची. घरी आणल्यावर आत्ता कुठे ती पुन्हा चिवचिव करायला लागली होती, सासूबाईंशी भांडायला लागली होती. नणंद वाईट बाई नाही, पण तिच्या घरी ही पोरगी पुन्हा मुकी होईल याची मला खात्री होती. आणि त्या वेळी हाताला धरून आणायला मी तिथे नसणार.

तर मी लागले कामाला. मोबाइलवर एक बाई होत्या, फार स्वच्छ घर असलेल्या, त्यांचे व्हिडिओ पाहून मी सर्जनशील शिक्षण आरंभलं. आधी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. फ्रिजवर "फ्रिज", कूलरवर "कूलर", दारावर "दार". लेकीने उत्साहाच्या भरात आजीच्या पाठीवर "आजी" चिकटवलं, आणि सासूबाई तशाच भाजीवाल्याकडे जाऊन आल्या. येताना चार लोकांनी "काय आजी, बरं हाय नं?" म्हणून विचारलं, तर घरी येऊन म्हणाल्या, "आज लय मान देऊन राह्यले बा लोक."

लेक फ्रिजवरचं "फ्रिज" वाचायची कारण तो फ्रिज होता. मी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली तर "फ्रिज" चिकटवलेल्या कूलरला ती कूलरच म्हणाली. म्हणजे पुन्हा तेच, चित्र पाहून धडा.

मग ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षरं काढली. मुंग्या लागल्या. मग चकलीच्या पिठाची अक्षरं तळली. क, ख, ग, अगदी वेलांट्यांसकट. लेकीने कोणतं अक्षर आहे ते न पाहता सगळी बाराखडी फस्त केली. सासूबाई बाजेवर बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "दोन वेलांट्या अन् एक उकार खाल्ला तिनं. पोट दुखलं तं मले नको सांगजो."

डोळे तपासून आणले. डोळे ठणठणीत. पुस्तक पुढे ठेवलं की मात्र पोरगी म्हणायची, "आई, हे हालते." मी म्हणायची, "अक्षरं नाही हालत, तू हालतेस." असं म्हणून कोणाला वाचता आलं असेल तर मला सांगा.

उन्हाळ्यात शेजारच्या काकूंच्या नातवाचं बारसं झालं. आमच्याकडे असं काही असलं की मोठी भांडी गल्लीतून गोळा होतात. कोणाचा पाणी भरायचा गुंड, कोणाचा कोपर म्हणजे कणीक मळायची ती मोठी परात, कोणाचे गंज. तुमच्याकडे पातेलं म्हणत असतील, आम्ही गंज म्हणतो. जेवणं झाली की सगळी घासून अंगणात ढीग लावायचा आणि ज्याचं त्याला परत करायचं. प्रत्येक भांड्यावर नाव असतंच. बाजारात भांड्याच्या दुकानात तो म्हातारा बसतो, टर्रर्र करत मशीनने टिंबाटिंबांची अक्षरं कोरून देतो, ती. अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट.

भांडी लावायचा मान सासूबाईंचा. पण चष्मा नव्हता. "मले वाचता येते, चष्मा सापडत नाई एवढंच," असं त्या गेली आठ वर्षं म्हणताहेत. त्यांनी लेकीला बोलावलं. "पाय वं, याच्यावर काय हाय."

मी वाढणं हातात घेऊन दारात उभी. आता पोरगी गप्प होणार, काकूंच्या सगळ्या पाहुण्यांसमोर तमाशा होणार, असं माझ्या मनात आलं. पण लेकीने भांड्याकडे पाहिलंच नाही. तिने डोळे मिटले आणि बोट फिरवलं, टिंबांवरून, सावकाश.

"आजी, हे आपल्या मोठ्या कोपरासारखंच सुरू होते. मंग वेगळं होते."

"कसं वेगळं?"

"इथं काना आहे. आपल्याले वेलांटी आहे."

तासाभरात तिने अकरा भांडी लावली. बोटाने वाचून, आणि एकही चुकीच्या घरी गेलं नाही. त्याचं शास्त्र काय ते मला माहीत नाही आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. टिंबं हालत नसावीत. एवढंच मला कळलं आणि मला दारात उभ्या उभ्या रडू आलं. काकूंना वाटलं जिलबी संपली म्हणून.

दुसऱ्या दिवशीपासून आमची शाळा मोरीजवळ भरायला लागली. मुख्याध्यापक सासूबाई. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. नियम एकच होता: भांड्यावरचं नाव पूर्ण वाच, मग त्या माणसाची गोष्ट ऐक. आणि गोष्टी काय, विचारू नका! हा गंज ज्याने दिला त्याने त्याच लग्नात गंजभर बुंदी एकट्याने खाल्ली. हा गडू जिच्याकडून आला ती रुसून पंगतीतून उठली आणि मागच्या दाराने येऊन पुन्हा बसली. ही वाटी ज्याच्या स्मरणार्थ, तो मेला तेव्हा त्याच्या बायकोने पहिल्यांदा पोटभर झोप घेतली. नावं मी सांगणार नाही, भांडी अजून वापरात आहेत आणि बरीचशी माणसंही.

मी कपाळाला हात लावला. जगात पोरं "कमळ" आणि "बदक" वाचतात, माझी पोरगी "सप्रेम" आणि "स्मरणार्थ" वाचत होती. जोडाक्षर आधी, साधं मागून.

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, हे काय शिकवून राहिल्या तुम्ही तिला? नुसत्या चुगल्या!"

"तं तू शिकव नं चकल्या," सासूबाई म्हणाल्या.

पावसाळा संपेपर्यंत आमच्या घरातली सगळी भांडी वाचून झाली, मग गल्लीतली. लेक कोणाकडेही गेली की सरळ मांडणीशी जायची. आणि इथे मी तोंडावर आपटले.

बारशाला मी काकूंच्या सुनेला एक छान डबा भेट दिला होता. आता घरात दहा डबे असताना कोण नवीन घेतं? आलेल्यातलाच एक काढला, नवऱ्याकडून पॉलिश कागदाने जुनं नाव घासून घेतलं, वर आमचं कोरून आणलं. सगळेच करतात. न करणारीने हात वर करावा. तर लेक काकूंच्या स्वयंपाकघरात बसून त्या डब्यावर बोट फिरवते आहे, मी आणि काकू चहा पितो आहोत, आणि ही म्हणते, "काकू, याच्या खाली अजून एक नाव आहे. पुसलेलं."

"कोणाचं वं?"

"चल घरी," मी म्हटलं.

"थांब नं आई, लागून राह्यलं." आणि तिने वाचलं. एकेक अक्षर, न चुकता. ते नाव काकूंच्याच सासूबाईंचं होतं. म्हातारीने माझ्या लग्नात दिलेला डबा मी फिरवून तिच्याच घरात आणून ठेवला होता.

काकू पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आणि लाज वाटून घ्यावी की पुसलेलं नाव वाचणाऱ्या पोरीला उचलून नाचवावं, हे मला कळेना. शेवटी घरी येऊन आधी रागावले आणि मग पेढा दिला. पोरगी गोंधळली. "चूक झाली का बरोबर झालं, ते सांग नं," म्हणाली. मी सांगितलं नाही.

वाचणं आलं तशी तिला लिहायची हौस सुटली. वहीत नाही हं. वहीत लिहिलेलं खोटं असतं, असं तिचं म्हणणं, कारण ते खोडता येतं. तिला म्हाताऱ्याची ती टर्रर्र मशीन हवी होती. माझा नवरा, ज्याने घरच्या शाळेत तोवर इकडची काडी तिकडे केली नव्हती, तो एका रविवारी दुकानात बसला. जुन्या घंटीची कॉइल काढली, तिच्यावर नवी तार गुंडाळली, पुढे ग्रामोफोनच्या पिनेसारखी टोकदार सुई बसवली. बटण दाबलं की सुई थरथरायची. "शॉक नाई लागत, मी तीनदा लावून पाह्यला," म्हणाला. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. मग त्याने ती बारक्या बॅटरीवर चालवली.

अशी सुरू झाली आमची सर्जनशील लेखनाची तासिका. टिंबाटिंबाने एक अक्षर काढायचं म्हणजे हात भरून येतो, त्यामुळे पोरगी फालतू शब्द लिहीतच नसे. दुधाच्या गंजावर तिने लिहिलं: "आईचं लक्ष नसते तेव्हा हा उतू जाते." एका पोरक्या झाकणावर: "याचा डबा हरवला आहे. हे वाट पाहून राह्यलं." सासूबाईंच्या लाडक्या पितळी डब्यावर: "आजी म्हणते यात मेथ्या आहेत. यात पेढे आहेत." सासूबाईंनी ते चष्म्याशिवाय वाचलं.

मी चौथीला चार वर्षं निबंध शिकवले. "माझी आई", "माझा आवडता प्राणी", ओळी पंधरा, शेवटी तात्पर्य. पोरांनी लिहिलेल्या शेकडो आयांमधली एकही आई मला आठवत नाही. सगळ्या प्रेमळ आणि सगळ्या पहाटे उठणाऱ्या. आणि हे दुधाचं एक वाक्य मी रोज सकाळी वाचते आणि रोज मला चिडायला होतं.

तरी मास्तरकी अंगातून जाते थोडीच! एक दिवस मी म्हटलं, "आता एक विषय मी देते. शाळेवर लिही."

तिने सुई खाली ठेवली. मग विचारलं, "शाळेचं भांडं कोणतं?"

"तुझा डबा की. शाळेत न्यायचा तो."

ती उठून गेली. विषय आवडला नाही, असं मी समजले आणि विसरून गेले. पुढचे काही दिवस ती दुपारची बापाच्या दुकानात बसायची. विचारलं तर म्हणायची, "काम आहे."

रोडग्यांचा दिवस उजाडला. आम्ही सगळे वडनेरच्या वावरात, म्हणजे शेतात. रोडगे म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, मग फोडून त्यावर वरण, वांग्याची भाजी आणि तूप ओतायचं. तूप आमच्या घरून नेलं होतं. लेकीने ते स्वतः भरलं होतं, फडक्यात गाठ मारून बांधलं होतं, आणि आदल्या दिवसापासून कोणाला हात लावू देत नव्हती. "मी आणतो," म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच म्हणतात. मी आणतो, मी जातो.

वाढण्याआधी नणंदेने पिशवीतून तिसरीचं पुस्तक काढलं. सतरंजीवर नवरा, सासूबाई, चुलत सासरे, आणखी पाच-सहा जण. नणंदेने पान उघडलं आणि लेकीला जवळ बसवलं. खरं सांगायचं तर तिने फार प्रेमाने बसवलं.

"घाबरू नको. सावकाश वाच. पाणी पाह्यजे का?"

लेकीने मान हलवली. पानावर बोट ठेवलं. बोट फिरवलं. गुळगुळीत कागद. पुन्हा फिरवलं. मग तिने वर पाहिलं, सगळ्यांकडे, आणि मला तो शाळेतला चेहरा ओळखू आला.

दोन शब्द वाचले तिने. तिसऱ्यावर अडली. चुलत सासरे खाकरले. चौथा तिने अंदाजाने ठोकला, तो चुकला. मग तोंड मिटलं ते मिटलंच.

"पुरे," नणंद म्हणाली. पुस्तक मिटलं. "मी रागवून नाई राह्यलो वं बाई. तुही काही चूक नाई. पण जूनमधी आता तू माह्याजवळ."

"ताई, तिला वाचता येतं!" मी ओरडलेच. "भांड्यांवरचं सगळं वाचते ती. पुसलेलं वाचते!"

"भांडे वाचून बोर्डाची परीक्षा देईन का ती?"

"तुमची एवढी पोरं वाचतात, त्यातला एक तरी स्वतःचं वाक्य लिहितो का? एक तरी?"

"माह्या पोराईले नाव नको ठेवू. तुह्याच शाळेनं हिले पहिलीत बसवलं. माह्या नाई."

नवरा म्हणाला, "जेवून घेऊ नं आधी." त्या माणसाला केव्हा काय बोलावं ते कधी कळलेलं नाही, पण त्या दिवशी सगळे त्याचं ऐकून पानांवर बसले. लेक माझ्या शेजारी. जून म्हणजे अजून किती महिने, ते ती बोटांवर मोजत होती.

नणंद तूप वाढायला उठली. फडक्याची गाठ सोडली आणि डबा वर काढला. तो लेकीचा शाळेचा डबा होता. त्याच्यावर बुडापासून काठापर्यंत गोल गोल अक्षरं कोरलेली होती. तो असा कोरलेला मी आधी पाहिला नव्हता. नणंदेने सवयीने, वर्गात वाचतात तसं, खणखणीत वाचायला घेतलं, डबा हातात फिरवत.

"या डब्यात आलूची भाजी होती. मी पहिलीत बसली होती. खिडकीत आई आली. बाई हसल्या. आई पण हसली..."

इथे नणंदेने वाचता वाचता माझ्याकडे पाहिलं. पण मास्तरीणच ती, वाक्य अर्धं सोडवेना. हळू आवाजात पुढे वाचलं. "मी डबा उघडला नाही. मग कधीच उघडला नाही."

तो हा तुकडा. त्या दिवशी दुसरीच्या बाईंनी मला व्हरांड्यातून हाक मारली होती, "या, तुमचा नमुना बघा." मी खिडकीतून पाहिलं. छोट्या पोरांत माझी पोरगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाई हसल्या. आणि मी हसले. "घरीही अशीच आहे," असंही म्हणाले. बाईंना वाईट वाटू नये म्हणून, स्टाफरूममध्ये पुन्हा तोंड दाखवायचं होतं म्हणून. मग जाऊन चौथीचा तास घेतला. राजीनामा त्यानंतर दीड महिन्याने, पोरगी पार मुकी झाल्यावर. आणि आपटला वगैरे नव्हता. तिने मला पाहिलं असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुकानातच बसून लिहिलं तिनं," तो खाली मान घालून म्हणाला. "तुह्यासाठी होतं. मी कायले बोलू?"

लेक मात्र अगदी शांत होती. तिने बोट दाखवलं. "आत्या, अजून आहे. बुडाखाली."

नणंदेने तूप दुसऱ्या वाटीत ओतलं, डबा उलटा केला. बुडावर लेकीचं नाव होतं. पहिलीत घातली तेव्हा मीच बाजारातल्या म्हाताऱ्याकडून कोरून आणलं होतं, सरळ, नेटकं. त्याला जोडून, वाकड्यातिकड्या टिंबांत, पुढे लिहिलं होतं: "कडून आईस सप्रेम भेट."

नणंदेने ते मोठ्याने वाचलं नाही. डबा माझ्यापुढे धरला आणि मीच वाचलं, बोटाने, कारण डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"किती दिवस लागले वं हे लिहाले?" नणंदेने विचारलं.

"आठ."

"चुकलं असतं तं?"

"खोडता येत नाई नं. म्हणून आधी पाटीवर लिहिलं. दोनदा."

नणंदेने तिसरीचं पुस्तक उचललं आणि पिशवीत खाली सारलं. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "जूनमधी नको आणजो इले. तुह्याजवळच राहू दे." आणि लेकीकडे वळली. "पण हा डबा मले दे चार दिवस. माह्या शाळेतल्या सगळ्या बायाईले वाचून दाखवतो."

"मले काऊन विचारतं?" लेक म्हणाली. "तो आईचा आहे. आईले विचार."

आता सगळे माझ्याकडे पाहायला लागले. वडनेरच्या शाळेतल्या सगळ्या बाया, म्हणजे त्यांच्या ओळखीतून वर्ध्यातल्याही, म्हणजे माझ्या जुन्या स्टाफरूमपर्यंत. वर्षभर सांगितलेली माझी घोटीव गोष्ट त्या डब्यातल्या तुपासारखी वितळून जाणार होती. डबा मांडीवर होता. मी लेकीकडे वळले.

"हसले होते मी," मी म्हटलं. "खरंच हसले होते."

"हाव," ती रोडगा फोडत म्हणाली. "लिहिलं नं मी."

मी पदराने डब्याचं तूप पुसलं, चांगला कोरडा केला आणि नणंदेच्या हातात दिला.

"न्या ताई," मी म्हटलं. "पण बुडापर्यंत वाचजा."